वाचकांचे प्रश्न : यॉर्कशायर ओक्स, तीन वर्षांच्या पोरी आणि अनुभवी घोड्या

इंग्लंडमधल्या यॉर्कला ऑगस्टमध्ये होणाऱ्या यॉर्कशायर ओक्स या घोड्यांच्या रेसबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि बरेच प्रश्न आले. सगळे घेता येणार नाहीत, काही एकसारखे होते ते एकत्र केलेत. कुठली घोडी लावू हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, त्याचं उत्तर शेवटी देतो. त्याआधी ही रेस नीट समजून घेऊ, कारण माझ्या मते फिली म्हणजे तरुण आणि मेअर म्हणजे मोठ्या घोड्यांसाठीच्या युरोपातल्या रेसेसमध्ये हिच्याइतकी बघण्यासारखी दुसरी नाही.

सर, ओक्स तर जूनच्या सुरुवातीला एप्समला होते ना? मग ही दुसरी ओक्स कसली? आपल्या महालक्ष्मीच्या इंडियन ओक्ससारखीच आहे का? – एक वाचक, पुणे

नाही, फरक आहे आणि तो मोठा आहे. एप्समची ओक्स फक्त तीन वर्षांच्या फिलींसाठी, म्हणजे आयुष्यात एकदाच मिळणारी संधी, त्या दिवशी सर्दी झाली किंवा ग्राउंड नको तसं निघालं तर विषय संपला. आपली इंडियन ओक्स त्याच धर्तीवरची, 2400 मीटर, फक्त आपल्याकडे क्लासिक सीझन हिवाळ्यात आणि घोड्यांचं वय 1 जानेवारीला वाढतं म्हणून त्या चार वर्षांच्या असतात. यॉर्कशायर ओक्स मात्र तीन वर्षांच्या फिली आणि त्यापेक्षा मोठ्या घोड्या यांना एकत्र पळवते. ब्रिटनमध्ये चार वर्षांपर्यंत फिली आणि पाचव्या वर्षापासून मेअर म्हणतात, म्हणून रेसकार्डवर दोन्ही शब्द दिसतील.

रेस जुनी आहे, 1849 पासूनची, ग्रुप वन म्हणजे सर्वोच्च दर्जाची, अंतर 1 मैल 3 फर्लांग 188 यार्ड (एक फर्लांग साधारण 200 मीटर), म्हणजे साधारण 2385 मीटर. यॉर्कचा एबॉर फेस्टिव्हल बुधवार ते शनिवार असतो, बुधवारी जडमॉन्ट इंटरनॅशनल, गुरुवारी ही, शुक्रवारी पाच फर्लांगची नन्थॉर्प, शनिवारी एबॉर हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन पळवलेली रेस.

आता जे मला सांगायचंय ते. सुरुवातीची जवळजवळ दीडशे वर्षं ही रेससुद्धा फक्त तीन वर्षांच्या फिलींची होती. मोठ्या वयाच्या घोड्यांना दार उघडलं ते 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी चांगली फिली तीन वर्षांची झाली, क्लासिक पळाली, की पुढच्या वसंतात थेट स्टड फार्मवर, कारण मालकाच्या दृष्टीने तिची खरी किंमत तिच्या शिंगरांत होती. हिशोब साधा आहे, घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा, वर्षाला एकच शिंगरू, आणि घोडा मात्र एका सीझनमध्ये शंभराहून जास्त घोड्यांना लागू शकतो. म्हणजे घोडी एक वर्ष जास्त पळवली की एक शिंगरू गेलं. इतकं असूनही जे मालक घोडीला चौथ्या पाचव्या वर्षी ट्रेनिंगमध्ये ठेवतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अशा घोड्यांना उन्हाळ्यात दीड मैलावर आपसात भिडायला एक मोठं मैदान मिळालं ते इथे. म्हणून माझं या रेसवर इतकं प्रेम आहे.

तीन वर्षांच्या फिलींना वजनात सूट मिळते असं वाचलं. किती, आणि त्याने खरंच फरक पडतो का? – एक वाचिका, नाशिक

पडतो, खूप पडतो, आणि ही रेस वाचायची असेल तर आधी हेच समजून घ्या.

घोडा तीन वर्षांचा असताना पूर्ण वाढलेला नसतो, हाडं, स्नायू, दम सगळं अजून भरायचं असतं. म्हणून वयानुसार वजनाचा एक तक्ता असतो, अॅडमिरल राउस नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात तो बसवला, नंतर त्यात सुधारणा होत गेल्या पण मूळ कल्पना तीच. सीझनच्या सुरुवातीला तीन वर्षांच्या घोड्याला जास्त सूट, जसजसे महिने पुढे जातील तसतशी कमी, आणि अंतर लांब असेल तर सूट जास्त. ऑगस्टमध्ये या अंतराला ती 9 पौंडांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या भाषेत 4 किलो. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या आर्क या मोठ्या रेसला जाईपर्यंत हाच फरक 3 किलोवर आलेला असतो.

आता 4 किलो म्हणजे काय? हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांची वजनं ठरवणाऱ्या लोकांचा ढोबळ हिशोब असा की दीड मैलाच्या रेसमध्ये एक लेंथ (घोड्याच्या लांबीइतकं अंतर) म्हणजे साधारण दीड पौंड. मग 9 पौंड म्हणजे सहा लेंथ! कागदावर दोन घोड्या अगदी बरोबरीच्या असतील तर मोठीने खोगिराखाली शिसं घेऊन सहा लेंथची भरपाई करायची, आणि ही भरपाई रास्त आहे की जास्त, हा वाद दरवर्षी होतो. माझं मत असं की ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत एखादी लवकर तयार झालेली तीन वर्षांची फिली जवळजवळ पूर्ण वाढलेली असते, पण तक्ता सगळ्यांना सारखाच, त्यामुळे तिला थोडा फायदाच होतो. जी अजून उंच, सुटसुटीत, कच्ची दिसते तिला ती सूट पुरत नाही. रेसआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या जागेत, घोड्या फिरतात तेव्हा हे डोळ्यांनी बघायचं, मागचा पुठ्ठा भरलाय का, चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशापुढे पडतो का.

एक गोष्ट लक्षात घ्या, मिक्स रेसमध्ये फिलींना कोल्ट्सविरुद्ध (तरुण नर घोडे) जी वेगळी 3 पौंडांची सूट असते तिचा इथे संबंध नाही, कारण सगळ्या मादीच आहेत.

मग जिंकतं कोण जास्त? लहान की मोठ्या? – एक वाचक, ठाणे

मी 2009 पासूनची यादी मांडतो, तुम्हीच बघा.

2009 ला डार रे मी, 2010 ला मिडडे, 2012 ला शरेटा, 2013 ला द फ्यूग, या चौघी चार वर्षांच्या. मध्ये फक्त 2011 ला ब्लू बंटिंग तीन वर्षांची. म्हणजे पाचपैकी चार वेळा मोठ्या जिंकल्या, आणि तेव्हा लोक म्हणायला लागले होते की ही आता मोठ्यांचीच रेस झाली.

मग वारं फिरलं. 2014 टॅपेस्ट्री, 2015 प्लीसॅक, 2016 सेव्हन्थ हेवन, 2017 एनेबल, 2018 सी ऑफ क्लास, सगळ्या तीन वर्षांच्या. 2019 ला परत एनेबल, आता पाच वर्षांची. 2020 लव्ह, 2021 स्नोफॉल, दोघी तीनच्या. 2022 अल्पिनिस्टा, पाच वर्षांची. 2023 वॉर्म हार्ट, 2024 कंटेंट, 2025 मिनी हॉक, तिघी तीनच्या. 2015 ते 2025 या अकरा रेसमध्ये मोठ्या घोड्या दोनदाच जिंकल्या आणि त्या दोघी कोण, तर एनेबल आणि अल्पिनिस्टा! म्हणजे हल्ली मोठ्या घोडीला ही रेस जिंकायची तर ती साधी ग्रुप वन घोडी असून भागत नाही, ती पिढीत एखादी असते तशी लागते.

याचं एक कारण एडन ओब्रायन. आयर्लंडच्या बॅलिडॉयलमधून हा माणूस ओक्स आणि आयरिश ओक्स पळालेल्या आपल्या फिली इथे आणतो. टॅपेस्ट्री, सेव्हन्थ हेवन, लव्ह, स्नोफॉल, वॉर्म हार्ट, कंटेंट, मिनी हॉक सगळ्या त्याच्याच. पूर्वी एप्सम आणि करा (आयरिश ओक्सचं मैदान) इथे पळून थकलेली फिली यॉर्कला यायची, आता ओब्रायनची फिली त्याच उन्हाळ्यात फॉर्म टिकवून येते. स्नोफॉलचंच बघा, एप्समला 16 लेंथने, आयरिश ओक्समध्ये साडेआठ लेंथने आणि यॉर्कला 4 लेंथने जिंकली. मिनी हॉकने 2025 ला चेस्टर, एप्सम, करा आणि यॉर्क चारही ठिकाणच्या ओक्स घेतल्या.

पण मला विचाराल तर या यादीतली सगळ्यात सुंदर गोष्ट अल्पिनिस्टाची आहे आणि ती जरा सविस्तर सांगणारच. 2020 ला लव्हने यॉर्कला 5 लेंथने रेस मारली तेव्हा दुसरी कोण आली होती माहितीये? तीन वर्षांची अल्पिनिस्टा. तेव्हा तिचं नाव फार कोणाला माहीत नव्हतं. राखाडी रंगाची, फ्रँकेलची मुलगी, ब्रीडर आणि मालकीण कर्स्टन राउझिंग, ट्रेनर न्यूमार्केटचे सर मार्क प्रेस्कॉट, जे घोड्याला घाई करत नाहीत म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि जॉकी ल्यूक मॉरिस. दुसऱ्या कोणी असतं तर इतकी चांगली ब्लडलाइन असलेली फिली तीनला ग्रुप वनमध्ये दुसरी आली, बास झालं, चला स्टडवर, असं केलं असतं. यांनी ठेवली. 2021 ला हेडॉकची लँकेशायर ओक्स, मग जर्मनीत जाऊन बर्लिन, कोलोन, म्युनिक असे तीन ग्रुप वन, त्यातल्या बर्लिनच्या रेसमध्ये तिने ज्याला हरवलं तो टॉर्क्वेटर टासो त्याच वर्षी आर्क जिंकला! मग 2022 ला फ्रान्समध्ये सॅं क्लूची रेस, आणि मग परत यॉर्क. समोर ट्यूसडे, त्या वर्षीची एप्सम ओक्सची विनर, ओब्रायनची, वजनात सूट घेऊन. शेवटच्या दोन फर्लांगात ट्यूसडे बाजूला येऊन ठेपली आणि मेअरने तिला पुढे जाऊच दिलं नाही, एका लेंथने जिंकली. ट्यूसडे हलकी नव्हती हो, तिने पुढे त्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्रीडर्स कपची फिली अँड मेअर टर्फ मारली. आणि अल्पिनिस्टा यॉर्कवरून पॅरिसच्या लॉंगशॉंला गेली आणि आर्क जिंकली. तीनला हरलेली, पाचला आर्क विनर. थांबायची तयारी असली की घोडी काय होऊ शकते ते या एका उदाहरणात दिसतं.

ट्रॅकबद्दल सांगा ना. एप्समची विनर यॉर्कला तशीच पळते का? – एक वाचक, कोल्हापूर

एप्सम चढउताराचा, उतारावरून टॅटनहॅम कॉर्नरला वळायचं, घोड्याचा तोल गेला की संपलं. यॉर्क म्हणजे नेव्ह्समायर नावाचं मोकळं सपाट मैदान, डाव्या हाताचं, रुंद, सरळ पट्टा जवळजवळ पाच फर्लांग, म्हणजे एक किलोमीटर. 1731 पासून तिथे रेसेस होतात. इथे नशिबाला जागा कमी, जिची चाल लांब आणि दम खरा तिला पळायला पुरेपूर मैदान मिळतं. म्हणून एप्समला तोल न सापडल्यामुळे मागे पडलेली पण शेवटी जोरात आलेली फिली दिसली तर तिचं नाव यॉर्कसाठी लिहून ठेवा.

माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. 2008 ला इतका पाऊस झाला की अख्खी एबॉर मीटिंग रद्द झाली आणि यॉर्कशायर ओक्स न्यूमार्केटला पळवावी लागली, लश लॅशेस जिंकली. त्यानंतर ड्रेनेजचं मोठं काम केलं गेलं. तरी आठवडाभर आधीपासून हवामान बघत राहा. कोरडं असेल तर वेगवान तीन वर्षांची फिली, भिजलं असेल तर ताकदीची मेअर, असा माझा साधारण कल असतो.

या रेसला घोड्या इतक्या कमी का असतात? – एक वाचक, मुंबई

कारण ज्यांना जिंकायची आशा नाही ते येतच नाहीत, उन्हाळ्यात फिलींसाठी दुसरे पर्याय भरपूर. 2019 ला एनेबलसमोर फक्त तीन जणी उभ्या राहिल्या. पण कमी घोड्या म्हणजे सोपी रेस असं समजू नका, उलट पेस कोण लावणार, म्हणजे पुढे राहून वेग कोण ठरवणार, हाच मोठा प्रश्न होतो. कोणीच लावला नाही तर एक मैल रमतगमत जाणार आणि शेवटचे तीन फर्लांग स्प्रिंट, मग दमाची घोडी अडकते आणि पायात झटका असलेली सुटते. रेसकार्ड हातात आलं की आधी पुढून पळणारी कोण आहे ते शोधा, एकाच तबेल्याच्या दोन असतील तर त्यातली एक बहुतेक पेससाठी आलेली असते. आणि 2014 विसरू नका. टॅघरूडा, तोवर अजिंक्य, ओक्स आणि कोल्ट्सना हरवून अॅस्कॉटची किंग जॉर्ज ही मोठी रेस जिंकलेली, सगळे तिला जिंकलेलीच धरून बसले होते, आणि टॅपेस्ट्रीने अर्ध्या लेंथने तिला हरवलं.

मला ब्रीडिंगमध्ये रस आहे. विनर्समध्ये काही समान रक्त दिसतं का? – एक वाचक, सातारा

दिसतं, आणि अगदी ठळक. टॅपेस्ट्री, सेव्हन्थ हेवन, लव्ह, वॉर्म हार्ट, कंटेंट या सगळ्या गॅलिलिओच्या मुली. अल्पिनिस्टा आणि मिनी हॉक फ्रँकेलच्या, म्हणजे गॅलिलिओच्या नाती. एनेबलचा बाप नथॅनिएल, तोही गॅलिलिओचा मुलगा, आणि एनेबलच्या वंशावळीत गॅलिलिओचा बाप सॅडलर्स वेल्स बापाकडून तिसऱ्या आणि आईकडून दुसऱ्या पिढीत येतो, इतकं जवळचं इनब्रीडिंग (एकच पूर्वज दोन्हीकडून येणं) टॉप क्लासमध्ये फार दिसत नाही. वेगळी म्हणजे स्नोफॉल, जपानच्या डीप इम्पॅक्टची मुलगी, आणि सी ऑफ क्लास, सी द स्टार्सची. गॅलिलिओ 2021 ला गेला, त्यामुळे त्याच्या थेट मुली आता संपत येणार, पुढची वर्षं फ्रँकेलच्या आणि गॅलिलिओच्या इतर मुलांच्या मुलींची असणार असं दिसतंय.

आम्ही लीड्सला राहतो, यंदा जायचा विचार आहे. लहान मुलं सोबत आहेत, जमेल का? – एक वाचिका, लीड्स

जरूर जा ताई. लीड्सहून यॉर्क ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास, स्टेशनपासून रेसकोर्स चालत जाण्यासारखं, लोक गटागटाने चालतच जातात. गुरुवार लेडीज डे असतो म्हणून गर्दी जास्त आणि सगळे नटूनथटून येतात, साडी नेसून गेलात तर अगदी शोभून दिसाल. तिकीट आधी काढा आणि मुलांना पॅडॉकच्या कठड्यापाशी लवकर नेऊन उभं करा, घोडी इतक्या जवळून बघायला मिळणं हे त्यांना आयुष्यभर लक्षात राहील. भारतातून बघणाऱ्यांसाठी, तिकडची दुपारची साडेतीन पावणेचारची वेळ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ सव्वाआठ.

एवढं सगळं ठीक, पण यंदा कोण? आणि जिंकणारी पुढे कुठे जाते? – अनेक वाचक

पक्की नावं रेसच्या दोन दिवस आधी कळतात, त्याआधी यादीत नावं खूप असतात आणि निम्म्याहून जास्त गळतात. मी पैसे लावायचा सल्ला या पानावर देत नाही, फक्त कशी बघतो ते सांगतो.

आधी आयरिश ओक्सची विनर आणि दुसरी आलेली बघतो. जुलैतली ती रेस यॉर्कच्या सगळ्यात जवळची, सी ऑफ क्लास, सेव्हन्थ हेवन, स्नोफॉल, मिनी हॉक सगळ्या ती जिंकून आल्या. मग रॉयल अॅस्कॉटची रिबल्सडेल, वॉर्म हार्ट तिथूनच आली. मोठ्या घोड्यांत लँकेशायर ओक्स, आणि कोल्ट्सविरुद्ध किंग जॉर्जमध्ये टिकून पळालेली कोणी असेल तर ती. गुडवुडच्या नॅसो या रेसमधून येणारीबद्दल मी जरा सावध असतो, दोन फर्लांग कमी अंतर आणि मध्ये तीनच आठवडे, मिडडेने 2010 ला दोन्ही जिंकल्या होत्या पण ती मिडडे होती. शेवटी ट्रेनर काय म्हणतो त्यापेक्षा त्याने घोडीला किती दिवसांची विश्रांती दिली ते बघतो.

मोठ्या घोड्यांत सलग दोन तीन रेस चढत्या फॉर्ममध्ये पळालेली पाच वर्षांची मेअर आली आणि आदल्या दिवशी पाऊस झाला, तर मी आकडे बाजूला ठेवून तिच्या बाजूने असेन. नाही आली तर ओब्रायनची जी फिली आयरिश ओक्सनंतर ताजी राहिलीये ती.

पुढचं म्हणाल तर विनरला ब्रीडर्स कप फिली अँड मेअर टर्फमध्ये थेट जागा मिळते, पण बहुतेकींचं लक्ष आर्ककडे असतं. एनेबल 2017 ला इथून जाऊन आर्क जिंकली, तेव्हा ती रेस शांतीयीच्या मैदानावर झाली होती. सी ऑफ क्लास 2018 ला एनेबलकडूनच अगदी थोडक्यात हरली. 2024 ची गोष्ट तर उलटी, यॉर्कला कंटेंटच्या मागे दुसरी आलेली चार वर्षांची ब्लूस्टॉकिंग पुढे पॅरिसची व्हर्मेय आणि मग आर्क जिंकली. आणि 2025 ला आर्कमध्ये मिनी हॉक डॅरिझ या कोल्टकडून फक्त एका डोक्याने हरली. म्हणून यॉर्कला दुसरी तिसरी कोण येते, विशेषतः जास्त वजन घेऊन पळालेली मोठी घोडी, तेही लिहून ठेवा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कामी येईल. नक्की नावं आली की पुढच्या अंकात एकेका घोडीबद्दल लिहितोच, तोवर प्रश्न पाठवत राहा.